दुसरा चमचा

आमच्या घरी कुणाची परीक्षा असली, इंटरव्ह्यू असला, की हातावर दही-साखर बायको देते. मी देत नाही. गेल्या वर्षी लेकीची स्पेलिंगची स्पर्धा होती, तेव्हा ती माझ्यासमोर तळहात पसरून म्हणाली, "बाबा, टुडे यू डू इट." मी गाडी काढतो म्हणालो आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोच्या मे महिन्यात, त्या भट्टीत. बायकोला वाटतं, मी असल्या गोष्टी मानत नाही. वाटू दिलंय मी तसं. खरं कारण तिला ठाऊक नाही, आईला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? तेही मला धड सांगता येणार नाही.

हे सगळं आइस हॉकीतलं आहे. हसू नका. सांगलीचा माणूस मी, बर्फ म्हणजे गोळ्याचा नाहीतर लग्नातल्या सरबताचा, एवढीच आमची ओळख. अमेरिकेत ॲन आर्बरला मास्टर्स केलं, डेटाचं शिकलो, आणि बरोबरीची पोरं मोठमोठ्या कंपन्यांत गेली तेव्हा मी मिशिगनच्या वरच्या अंगाला, एका लहान गावातल्या हॉकीच्या टीमकडे कामाला लागलो. व्यावसायिक टीम, पण खालच्या पायरीवरची. वरून बोलावणं येईल म्हणून वाट बघणारी पोरं, आणि आता बोलावणं येणार नाही हे कळून चुकलेले काही बाप्ये. माझं काम सोपं होतं. वर बसून मॅच चित्रित करायची, तिचे तुकडे पाडायचे, कोण कुठे चुकला ते कोचला दाखवायचं.

थोडक्यात, दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार घेत होतो मी.

ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाला आणि आम्ही हरत सुटलो. हरलेल्या टीमची बस कशी असते सांगू? सुतक असलेल्या घरासारखी. मागे खेळाडू, पुढे कोच, मध्ये मी आणि माझा लॅपटॉप. माझं नाव समीर, पण मला 'व्हिडिओ' म्हणायचे. "व्हिडिओ, आवाज कमी कर." "व्हिडिओ, सरक जरा." वाईट नव्हती हो माणसं. कुणी टाकून बोललं नाही. पण कुणी जेवायला चल असंही म्हणालं नाही. मॉटेलमध्ये सगळे जोडीने राहायचे, मी एकटा उरायचो, म्हणून मला अख्खी खोली. ॲन आर्बरचे मित्र दिवाळीपर्यंत फोन करत होते, मग नुसतेच फॉरवर्ड यायला लागले. आईशी बोलणं सोडलं तर दिवसभरात माझ्या तोंडून मराठी निघायचं ते फ्रिज उघडल्यावर — "च्यायला, दूध संपलं वाटतं." एवढंच.

ट्रॅव्हिस माझ्या शेजारी बसायला लागला तो प्रेमापोटी नव्हे. त्याला मागे बसलं की बस लागायची. मिनेसोटाच्या कुठल्याशा खेड्यातला, दाराएवढा माणूस, पुढचा दात अर्धा तुटलेला, बचावाला खेळायचा — आणि वळणं आली की लहान पोरासारखा डोळे मिटून बसायचा. मी त्याला आल्याच्या वड्या द्यायचो, आईने पाठवलेल्या. त्याने माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि त्या दिवसापासून टीममध्ये एक माणूस मला समीर म्हणायला लागला. तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. मला नाही वाटली.

तर दही-साखर. नोव्हेंबरात टीमचे मालक मॅच बघायला यायचे होते, आणि माझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्याच दिवशी ठरणार होतं. आई फोनवर म्हणाली, "दही-साखर खाऊन जा रे. आणि खाल्लं की सरळ निघायचं, मागं फिरायचं नाही." मी ड्रेसिंग रूमच्या फ्रिजमधून दही घेतलं, कॉफीची साखर घातली आणि तळहातावर घेऊन खात होतो. ट्रॅव्हिसने पाहिलं. हे काय? मी सांगितलं — आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघालं की घरातलं कुणीतरी हातावर एक चमचा ठेवतं. त्याने हात पुढे केला. बचावाला खेळणारा तो माणूस, त्या दिवशी त्याने दोन गोल केले.

हॉकीवाले किती अंधश्रद्धाळू असतात म्हणून सांगू! आपल्याकडचे परवडले. डावा मोजा आधी, स्टिकला टेप अमुकच रंगाची, जिंकत असताना दाढी करायची नाही. पुढच्या मॅचला ट्रॅव्हिसने पुन्हा हात पुढे केला. मग त्याच्या मागे गोलकीपर. मग सगळेच. बर्फावर उतरायच्या दाराशी मी दह्याचा डबा घेऊन उभा, आणि हे सगळे धिप्पाड बुवा एकेक हातमोजा काढून रांगेत. आम्ही जिंकायला लागलो. मला 'स्पून' म्हणायला लागले. बसमध्ये मागून हाका यायच्या, जेवायला माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायचे, माझ्या शर्टाचं माप विचारून टीमचं जॅकेट दिलं. दह्यानं काही होत नाही, हे मला कळत होतं. डेटा शिकलेला माणूस मी. पण ते हरभऱ्याचं झाड इतकं छान होतं, की मी चढून बसलो आणि उतरायचं नाव काढलं नाही.

मार्चमध्ये आम्ही प्लेऑफच्या उंबरठ्यावर होतो. शेवटचा आठवडा. शुक्रवारच्या मॅचमध्ये कुणीतरी ट्रॅव्हिसला मागून कठड्यावर आपटलं. तो उठला, जरा वेळाने उठला, पण उठला. डेबी आमची ट्रेनर, दुखापती बघणारी; तिने डोक्याला मार बसलाय का म्हणून त्याची तपासणी केली — महिने उलटे म्हण, हे शब्द लक्षात ठेव, एका पायावर उभा राहा. तो पास झाला. शनिवारी सकाळी पुन्हा पास झाला. त्या परीक्षा या पोरांना तोंडपाठ असतात. आपण नाही का गाइड पाठ करून पास होत?

शनिवारची मॅच. दाराशी मी उभा. ट्रॅव्हिस नेहमीसारखा रांगेत पहिला आला. हात पुढे केला, मी चमचा ठेवला, त्याने चाटलं, तुटका दात दाखवून हसला, म्हणाला, "चला." एवढा एक मराठी शब्द त्याला मी शिकवला होता. मग बाकीचे आले. आणि रांग संपत आली, तेव्हा शेवटी ट्रॅव्हिस पुन्हा उभा.

त्याने हात पुढे केला. पहिल्यासारखाच. हसला, पहिल्यासारखाच. पोरं ओरडली — बघा, अधाशी कुठला! तोही त्यांच्याबरोबर हसला. पण मी त्याच्या समोर होतो ना. वीतभर अंतरावर. तो चेष्टा करत नव्हता. त्याला का हसतायत ते कळत नव्हतं, म्हणून तो हसत होता. आत्ताच खाल्लेलं दही त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. तो माझ्याकडे 'देतोस ना?' अशा नजरेने बघत होता.

मी दुसरा चमचा ठेवला.

का? रांग थांबली असती म्हणून. हे मी पुष्कळदा स्वतःला विचारून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी हेच हाती लागतं. नोकरीचं, व्हिसाचं कारण पुढे करता आलं असतं, लोक पटकन मानतात. पण त्या घटकेला माझ्या मनात व्हिसा नव्हता. माझ्या मनात ती खोली होती, मॉटेलची, दोन पलंगांची, ज्यातल्या एकावर मी माझी बॅग झोपवायचो. मी आत्ता तोंड उघडलं, तर ट्रॅव्हिसला बाहेर बसवतील, आपण हरू, आणि मी पुन्हा 'व्हिडिओ' होईन. एवढंच. एवढ्यासाठी.

इथेही थांबलं असतं तर म्हणालो असतो, गडबडीत सुचलं नाही. पण डेबी आली. तिला दुसऱ्या चमच्याचं माहीत नव्हतं, ती औषधांची बॅग भरत होती. तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तू त्याच्या शेजारी बसतोस. तुला तो नेहमीसारखाच वाटतोय ना?" तिला बिचारीला शंका होती. तिला फक्त एका माणसाने हो म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "एकदम नेहमीसारखा."

दुसऱ्या पीरियडमध्ये पक, म्हणजे ती रबरी चकती, कोपऱ्यात गेली, दोघं मागे गेले, खांद्याला खांदा लागला. धक्का म्हणावा असाही नव्हता. ट्रॅव्हिस खाली पडला आणि उठला नाही. मी वरून कॅमेरा धरून होतो. कॅमेरा हलला नाही माझा, चित्रण अगदी स्पष्ट आहे. आम्ही ती मॅच जिंकलो. प्लेऑफच्या पहिल्या मॅचला पोरांनी हेल्मेटवर त्याचा नंबर लावला आणि त्याच्या नावाने रांगेत उभी राहिली. आणि मी दही वाढलं. होय, वाढलं. एकेकाच्या तळहातावर.

पहिल्याच फेरीत हरलो. डेबीने नोकरी सोडली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, "मलाच ओळखता आलं नाही," म्हणाली. मी तिची पाठ थोपटली. मूग गिळून पाठ थोपटली.

ट्रॅव्हिस आता आईकडे असतो. पुन्हा कधी खेळला नाही. त्याला उजेड सोसत नाही, गाडी चालवता येत नाही, बोलता बोलता शब्द हरवतो आणि मग तो थांबतो, मी थांबतो. दर ऑक्टोबरला, सीझन सुरू झाला की मी त्याला फोन करतो. सगळ्या टीममध्ये आता मी एकटाच करतो, असं त्याची आई सांगते. देव तुझं भलं करो म्हणते. मी ऐकून घेतो. बायकोला या फोनचं फार कौतुक आहे, मैत्री कशी असावी म्हणून लेकीला माझा दाखला देते.

यंदाही केला. बोलण्यासारखं काही उरत नाही, आम्ही हवेबद्दल बोललो. मग तो म्हणाला, शेवटच्या मॅचचं त्याला काहीच आठवत नाही — बस नाही, बर्फ नाही, पडलेलं नाही. फक्त मी दाराशी हातावर दही ठेवलं, तेवढं आठवतं. तो चमचा अजून जिभेवर आहे, म्हणाला.

एकच चमचा आठवतो त्याला. मी "हो, तेवढाच दिला होता," म्हणालो आणि पुन्हा हवेबद्दल बोलायला लागलो.