बाप्तिस्म्याचा दाखला

दाखला मागावा आणि इतिहास ऐकावा! दोन हजार सालच्या आसपासचा तो पंधरवडा आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

केशवापुरात आमच्या शेजारच्या अक्का कॅथलिक, अळणावरजवळच्या खेड्यातल्या. आई पूर्वी तिथं सरकारी शाळेत शिकवायची, तेव्हापासूनची दोघींची ओळख. अक्कांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चाळीस दिवसांचा उपासकाळ तोंडावर आलेला; तो लागला की चर्चमध्ये लग्नं होत नाहीत, आणि ईस्टरपर्यंत थांबावं तर नवरामुलगा रजा संपवून दुबईला चालला. त्याच्या घरचे तर दुसरी मुलगी बघायला टपलेलेच. आणि ज्याच्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही, तो हिच्या बाप्तिस्म्याचा दाखलाच नेमका सापडेना! स्कूटर माझी, म्हणून ब्याद माझ्या गळ्यात.

अक्कांना ठाऊक होतं ते एवढंच: बाळंतपणात त्या बेशुद्ध होत्या, मूल निळं पडलेलं, आणि मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी तिथंच घाईनं बाप्तिस्मा उरकला. त्या सिस्टर वारून कैक वर्षं झाली होती.

अळणावरच्या फादरांनी "बर्री, कूडर्री" म्हणत खुर्ची दिली आणि सुरुवात केली ती थेट रेल्वे आली तेव्हापासून. ते खेडं आधी गोव्याच्या फादरांकडे, मग पुण्याच्या, मग बेळगावच्या. तासाभरानं म्हणाले, "नोंद धारवाडला असेल." धारवाडच्या फादरांनी तोच इतिहास उलट्या टोकानं सांगितला आणि मला परत अळणावरला पिटाळलं. सिस्टरना वाटलं फादर लिहितील, फादरांना वाटलं सिस्टरनी लिहिलंच असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!

रोज घरी येऊन मी पर्स आदळायची, फादरांचा उद्धार करायची. आई खाली बघून शेंगा सोलत राहायची. शेवटी आमच्या इथले फादर म्हणाले, "तेव्हा हजर असलेल्या कुणी शपथेवर सांगितलं तरी चालेल." मी हे घरी सांगितलं आणि आई ताडकन उठली. "चल."

फादरांसमोर ती म्हणाली, "मी होते. सिस्टरचे दोन्ही हात बाळाच्या छातीवर होते. त्या म्हणाल्या, तुम्ही पाणी घाला, मी सांगते तसं म्हणा. मी घातलं."

"म्हणजे बाप्तिस्मा तू दिलास?" मी ओरडलेच. "आणि पंधरा दिवस मला गावोगाव नाचवलंस?"

"तेव्हा सासूबाईंच्या भीतीनं बोलले नाही," आई म्हणाली. "आणि आता... मी हिंदू बाई. माझ्या हातचं पाणी यांना चाललं नसतं तर? पोरीचं लग्न माझ्यामुळं मोडलं असतं गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फादरांनी रजिस्टर पुढं ओढलं. "मरणाच्या दारात कुणाच्याही हातचं चालतं, टीचर. सिस्टरनी उगाच नाही सांगितलं तुम्हाला." मग पेन उघडून त्यांनी विचारलं, "बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव?"

आईनं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावासकट, आडनावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं.