देवबागचा केंड

मी निवृत्त झालो त्या दिवशी मुलीनं मला मासे पकडायचा रॉड भेट दिला. चकचकीत, घडीचा, स्वतःच्या कापडी पिशवीसकट. बायको म्हणाली, "त्यापेक्षा मिक्सर चालला असता." मी मात्र रॉड हातात तोलून पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "वजन बरोबर आहे." कशाच्या मानानं बरोबर, असं कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत होती.

चूक माझीच. मुलगी लहान असताना तिला भरवताना गोष्ट लागायची आणि मला येत होती एकच. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी मी खडकावर बसून गळ टाकायचो आणि एकदा तांबोशी पकडली, ही. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तांबोशी वीतभर होती. मुलगी शाळेत जायला लागली तोवर ती ओढायला दोन माणसं लागत होती. खरी हकिकत अशी की गळ टाकायचा माझा चुलतभाऊ. मी मागे उभा राहून त्याच्या चपला सांभाळायचो, कारण आमिषाचा डबा उघडला की मला मळमळायचं.

"डिसेंबरमध्ये देवबाग," मुलीनं जाहीर केलं. "तू आणि मी. बुकिंग मी करते, फिशिंगचं सगळं प्लॅनिंग तुझं. मला त्यातलं काही कळत नाही."

तिचं काम घरूनच चालतं. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये ती कॉलवर बसलेली असायची आणि मध्येच एका कानावरचा हेडफोन सरकवून विचारायची, "बाबा, भरतीला जायचं की ओहोटीला?"

"ते पाण्याचा रंग बघून ठरवतात."

"आणि आमिष कुठलं?"

"माशावर आहे."

ती माझी उत्तरं लॅपटॉपवर टिपून घ्यायची. मग मी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जायचो आणि व्हिडिओ बघायचो. त्यात माणसं कुठल्यातरी परदेशी समुद्रात स्कूटरएवढे मासे ओढत असायची. मी एक यादी केली. टोपी, ओवा, उलटीची गोळी, गुडघ्याचं मलम, दुसरी टोपी. यादी दोन पानं झाली. तिच्यात मासेमारीच्या उपयोगाचं काहीच नव्हतं.

शेवटी गोडदेवच्या बाजारात आमच्या नेहमीच्या मासेवालीला गाठलं. ती उत्तनच्या कोळीवाड्यातली. गेली वीस वर्षं मी तिच्यासमोर सुरमईचे कल्ले उघडून जाणकारासारखा चेहरा करतोय. म्हटलं, "माझा एक मित्र देवबागला चाललाय, गळ टाकायला. काय काळजी घ्यावी त्यानं?"

तिनं कोयत्यावरून मान वर केली. "भांगाला चाललाय का उधानाला?"

"शनिवारी."

ती इतकी हसली की शेजारची कोळंबीवालीही हसायला लागली. "अवो, दर्याला शनवार न्हाय कलत! उधानाला पानी जोरात वढतंय, गल तलाला जात न्हाय. अष्टमीच्या आगंमागं भांग असतंय, पानी गप असतंय. तवा जा." मग पापलेट पिशवीत टाकत म्हणाली, "आन् तुमच्या दोस्ताला सांगा, उलटीची गोली खाऊन जा."

घरी येऊन मी कॅलेंडर काढलं आणि मुलीला गंभीरपणे सांगितलं की तारखा बदलाव्या लागतील. "भांग बघावा लागतो," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं की मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सरावासाठी एका दुपारी गुपचूप गच्चीवर गेलो. पहिल्याच फेकीत दोरीच्या टोकाचं शिसं सुसाट गेलं आणि दोरी शेजारच्या विंगच्या डिश अँटेनाला गुंडाळली. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, मॅच चला गया!" मी दोरी तोडली, रॉड टाकीमागे लपवला आणि वर आलेल्या लोकांबरोबर मीही अँटेना बघितला. "मांजा लगता है," मी म्हणालो. सगळ्यांना पटलं.

देवबागला ऊन छान उबदार होतं आणि खाडीच्या तोंडाशी पाणी खरंच गप होतं. होडीवाला माझ्याच वयाचा. गळाला कोळंबी लावायची वेळ आली तेव्हा मी टोपी नीट करण्यात गुंतलो. ती त्यानं लावली. पंधरा मिनिटांत रॉड वाकला. मी ओरडलो, मुलगी ओरडली, आणि वर आला एक पांढऱ्या पोटाचा, बुटका मासा. होडीत पडताच तो फुगायला लागला. फुगून पार चेंडू झाला आणि माझ्याकडे रागानं बघत राहिला.

"बाबा! कुठला मासा?"

वीस वर्षं बाजार केला, पण हा कुठल्याच पाटीत पाहिला नव्हता. "गोबरा," मी म्हणालो. "लहान आहे अजून."

होडीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "केंड हा तो. विषारी. खावचो नाय, म्हणान बाजारात येना नाय." त्यानं गळ सोडवून मासा पाण्यात टाकला आणि मुलीला समजावलं, "ल्हानपणी गळ टाकलल्या माणसाक पयलो केंडच गावता. आमी त्येका फुटबॉल करून खेळत होतव."

मुलगी माझ्याकडे वळली. होडीतून उठून जायला जागा नसते. मी सगळं सांगून टाकलं. चुलतभाऊ, चपला, मळमळ.

ती म्हणाली, "चौथीत 'माझे बाबा' निबंधात मी ती तांबोशी लिहिली होती. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता."

तिनं माझ्या हातातून रॉड घेतला, कोळंबी स्वतः लावली आणि दुपारपर्यंत दोन काळुंदर काढले. मी डबा धरून बसलो. दरम्यान तिनं आईला फोन केला. पलीकडून बायकोचा आवाज मलाही ऐकू आला, "झुरळ बघून पलंगावर चढतो तो माणूस. तुला खरं वाटलंच कसं?" तेव्हा कुठे मुलगी हसली.

मुक्कामाच्या घरच्या काकूंनी ते काळुंदर तळून वाढले. मुलीनं एक उचलून माझ्या पानात ठेवला. मासे खाण्यात तरी मी पट्टीचा, हे दाखवावं म्हणून घाईघाईनं मोठा घास घेतला आणि काटा घशात अडकला. सुक्या भाताचे गोळे न चावता गिळत राहिलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काटा अडकलाय," मी म्हणालो, आणि तिनं भाताची वाटी माझ्यापुढे सरकवली.