लॉग कोरा निघाला

भूकंपात आई-वडील गेले तेव्हा अक्का दहावीत होती आणि मी दुसरीत. काकांनी आम्हाला किल्लारीकडच्या गावातून लातूरला आणलं. तेव्हापासून माझी वेणी, माझा डबा, माझा अभ्यास सगळं अक्कानंच बघितलं. तिनं लग्न केलं नाही. चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायची. पुढं लातुरात गल्लोगल्ली मेडिकलचे क्लास निघाले, तेव्हा एका क्लाससाठी ती कॉम्प्युटरवर हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशी फिरती चित्रं करायला लागली. जाड भिंगाचा चष्मा स्क्रीनला टेकेल इतकी पुढं वाकून बसायची.

मी नांदेडला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते. तिच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मीच टाकून दिलं होतं. दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मग एका अपडेटनंतर चित्र फिरवताना स्क्रीन गोठायला लागला, आणि थोड्या वेळानं पार काळा व्हायचा. तिचा फोन आला की मी नांदेडहून नेटवरून तिच्या मशीनमध्ये शिरायची. मशीन आत चालूच असायचं, फक्त पडदा मेलेला. लॉग, म्हणजे मशीन स्वतःच्या घडामोडी लिहून ठेवतं ती फाईल, उघडली की त्यात पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डानं उत्तर देणं बंद केल्याची ओळ हमखास सापडायची.

अपडेटआधीच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या गाभ्यावर, मशीन सुरू करून पाहिलं. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग लक्षात आलं की कार्ड चालवणारे दोन प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एकाच वेळी बसलेत, एक कंपनीचा आणि एक लिनक्सबरोबर येणारा, आणि दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. दोन्ही काढले, कर्नलला जुळणारा एकच नव्यानं बसवला. अक्काला म्हटलं, आता संध्याकाळभर हृदय फिरवत ठेव. ते एकदाही अडकलं नाही. तिनं मला भाकरी थापता थापता फोन करून तसं सांगितलं, आणि आम्ही दोघी खूप दिवसांनी मनापासून हसलो.

थोडे दिवस गेले आणि ती पुन्हा म्हणाली की स्क्रीनच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके हलतायत. मी लॉग बघितला. काहीच नव्हतं. तरी कार्डाच्या सेटिंग उलटसुलट करून पाहिल्या, क्लासमधल्या माणसाकडून तिला केबल बदलून घ्यायला लावली. फरक पडला नाही. मग खालचा कोपरा काळा पडायला लागला म्हणाली. लॉग तसाच कोरा. कार्डच गेलं असणार असं ठरवून मी रविवारी लॅबमधलं एक जुनं कार्ड पिशवीत घालून लातूरची एसटी धरली.

मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तिनं मूत्रपिंडाचं अर्धवट चित्र उघडलं आणि फिरवायला लागली.

"हे बघ," ती म्हणाली, "हितं खाली सगळं काळंच हाय."

मी बघितलं. तिथं काही काळं नव्हतं. तांबडी रोहिणी, निळी नीला, खाली पांढरी मोकळी जागा, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अक्का, मला तर सगळं दिसतंय."

तिचा हात माऊसवर थांबला. तिनं मान वळवून खिडकीकडं पाहिलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं. चष्मा काढला, एक डोळा तळहातानं झाकला, मग दुसरा.

"ह्या डोळ्यानं तुझी हनुवटी न्हाई दिसत गं मला," ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी दवाखाने बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लातुरातल्या डॉक्टरांनी तपासलं, उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय म्हणाले, आणि लगेच हैदराबादला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं. पडदा बसला, नजर परत आली नाही. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दुसरा डोळाही नाजूक असल्यानं कॉम्प्युटरचं काम बंद करायला सांगितलं. परतीच्या प्रवासात, तिच्या डोळ्यावर पट्टी असताना, मला रडू आवरेना. तिनं माझा हात चाचपून धरला.

"मशीन तर नीट करून दिलंस न्हवं तू," ती म्हणाली. "त्याला कशाला दोष."

क्लासनं दुसरा माणूस घेतला. त्यानं अक्काकडं मूत्रपिंडाचं चित्र मागितलं, पण ती द्यायला तयार झाली नाही. अर्धं काम आपल्या नावावर फिरायला नको म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मी ते पुसून टाकलं. ती शेजारीच बसून होती. तिनं एकदा मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक नळ्यांविषयी विचारलं, त्या तरी आपल्याला नीट जमल्या होत्या का म्हणून. मी म्हटलं, लई छान जमल्या होत्या. मग ती उठून चहा ठेवायला गेली.