पास करतो, दाखला न्या

मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर माझ्या बापाने चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत सगळे पायात घालूनच बसले होते. बाप अनवाणी उभा. भोसरीच्या पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधून पाळी संपवून थेट आला होता, हाताला ऑइलचा वास. समोर खुर्ची होती. रिकामी. बसा म्हणालं नाही कुणी.

"मुलगी वाईट नाही हो," सर म्हणाले. "पण दहावीला आमचा निकाल खाली आणणार. एका पोरीपायी शाळेचं नाव घालवू का?"

"सायेब, लेकरू रोज शाळेत येतंय," बाप म्हणाला. "एक डाव बसू द्या."

"बसू दे की. बाहेरून बसू दे. सतरा नंबरचा फॉर्म भरा. नववी आम्ही पास करून देतो. तुम्ही दाखला न्या."

शाळेत न जाता परस्पर दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. तो कुठे मिळतो, कधी भरायचा, त्याला काय काय लागतं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. बापाने विचारलं नाही. पास म्हटल्यावर त्याने हात जोडले.

मग अर्ज लिहायचा होता. बापाला सहीपुरतं येत होतं. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुझं मराठी बरं आहे. तूच लिही." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. घरगुती अडचणीमुळे मी माझ्या मुलीला स्वखुशीने शाळेतून काढत आहे. आपला विश्वासू. एकही चूक नाही. सरांनी कागद उचलून शेजारच्या बाईंना दाखवला. "बघा, अक्षर कसं मोत्यासारखं आहे."

बाई हसल्या. बापाने सही केली. मला माझ्याच हाताने काढलं त्यांनी, आणि अक्षराचं कौतुक करून काढलं.

माझं प्रगतिपुस्तक मला दाखवलंच नाही. नववीत मी पास होते की नापास, मला आजही ठाऊक नाही. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, जाऊ दे, किती वर्षं झाली. जाऊ देत नाही मी.

सतरा नंबरसाठी बाप एकदा पाळी बुडवून हिंडला. एका शाळेत म्हणाले, मुदत गेली. दुसरीत म्हणाले, आमच्याकडे ते केंद्र नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणालो. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. शाळेत नसलेली पोर घरात बसवून काय करायची, असं शेजारीपाजारी म्हणत होते, आणि बाप शेजाऱ्यांचं ऐकणारा माणूस.

मी मोशीला आले. नवरा टेम्पो चालवायचा. मी एका वखारीत खिळे उपटायला लागले. चाकणच्या कंपन्यांत मशिनं लाकडी खोक्यांतून येतात. ती खोकी मोडून, फळ्या वेगळ्या करून, त्यांचे माल ठेवायचे पॅलेट ठोकायचे आणि परत कंपन्यांनाच विकायचे, हा धंदा. आज वखार माझी आहे. माणसं माझी, टेम्पो माझे. भाव मी स्वतः ठरवते. कंपन्यांतली खरेदी बघणारी पर्चेसवाली पोरं मला घाबरतात, आणि घाबरावंच. पण नवीन कंपनीत नाव नोंदवताना शिक्षणाचा रकाना येतोच. नववी. परवा एक पोरगा म्हणाला, "ताई, नववी कशाला लिहिता, कोरंच ठेवा." चांगल्या मनाने म्हणाला असेल. मी त्याला चांगल्या मनाने काय ते ऐकवलं.

धंद्याने मला एक शिकवलं. समोरचा घाई करायला लागला की तो काहीतरी झाकतोय. आणि माल न बघता भाव बोलायचा नाही. कधीच नाही.

या एप्रिलला कोमलच्या शाळेतून फोन आला. कोमल माझी लेक, नववीत. निकाल लागायच्या आधी येऊन भेटा म्हणाले. निकालाच्या आधी का, हे माझ्या डोक्यात तिथेच टोचलं.

मोठी शाळा. गेटावर फलक, शंभर टक्के निकाल, वर्षामागून वर्ष. केबिनमध्ये एसी. मी चपला घालून आत गेले आणि कुणी म्हणायच्या आधी बसले. कोमलला शेजारी बसवलं. तिची मान खाली होती. वर्गात बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "यंदा काही जणांमुळे फलक बदलावा लागणार," आणि तिच्याकडे बघितलं होतं. घरी येऊन ती दोन घास खाऊन उठली होती.

"मिस्टर नाही आले?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"ते नाशिकला माल टाकायला गेलेत. माझ्याशी बोला."

"ताई, तुम्ही व्यवसाय करता. सरळ बोलतो. कोमलला गणितात एकतीस आहेत. पस्तीस लागतात. म्हणजे नापास. पण आम्ही माणुसकीने बघतो. तिला पास करून दहावीत चढवतो. तुम्ही दाखला न्या, दुसरीकडे घाला. दोघांचंही भलं."

तीच बोली. शाळा वेगळी, माणूस वेगळा, वाक्य तेच. माझ्या कानशिलात आग झाली. मी टेबलाची कड धरून ठेवली, नाहीतर हात कुठे गेला असता सांगता येत नाही.

"आजच अर्ज देऊन टाका," ते म्हणाले आणि कोरा कागद, पेन कोमलपुढे ठेवलं. "तू लिही बेटा. आईला त्रास नको."

कोमलने पेन उचललं. टोपण काढलं. माझी लेक. शहाण्यासारखी.

"पेन खाली ठेव," मी म्हणाले.

तिने ठेवलं.

"सर, अगोदर प्रगतिपुस्तक दाखवा."

"ते निकालाच्या दिवशी मिळतं."

"मग दाखल्याचंही निकालाच्या दिवशी बोलू. माल न बघता मी सही करत नाही."

ते हसले. "ताई, हे भंगार नाही."

"म्हणूनच बघायचंय."

मी उठले नाही. बाहेर कुणीतरी थांबलं होतं, शिपाई दोनदा डोकावून गेला, तरी उठले नाही. शेवटी त्यांनी गठ्ठ्यातून पुस्तक काढून टेबलावर टाकलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, उत्तीर्ण होण्याच्या अटी.

"हे वाचा," मी म्हणाले. "मोठ्याने. मी नववी शिकलेली आहे, तुमच्या तोंडून समजून घेते. पास व्हायला काय काय लागतं, पहिल्यापासून."

"प्रत्येक भाषेत पस्तीस..." त्यांनी सुरू केलं. भाषा वाचल्या. गणिताशी आले आणि आवाज उतरला. गणित आणि विज्ञान मिळून सत्तर असावेत. मात्र कोणत्याही एका विषयात पंचवीसपेक्षा कमी नसावेत.

"विज्ञानात किती आहेत तिला?"

कोमलने पुस्तक ओढून घेतलं. "एकेचाळीस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बहात्तर होतात, मम्मी. मी पास आहे."

पास होती. कुणाच्या माणुसकीने नाही, त्यांच्याच छापलेल्या नियमाने. हा माणूस माझाच माल मला विकायला बसला होता. बदल्यात माझी लेक मागत होता. आणि मला बाप आठवला, हात जोडून उभा. त्यालाही त्याचाच माल विकला असेल. असेलच, असं मी म्हणू शकत नाही. ते कळण्याची वाटच तर त्यांनी माझ्याकडून काढून घेतली.

"नियमाने पास असेल," मुख्याध्यापक आता गोड बोलायचे थांबले. "पण दहावीला ऐंशीचा पेपर बोर्डाचा. वीस गुण शाळेच्या हातात असतात. लक्षात ठेवा एवढं."

"तेवढं लेखी द्या," मी म्हणाले. "शिक्का मारून."

त्यांनी घंटी वाजवली. भेट संपली.

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लिहून तयार अर्ज. शेजारी त्याचा पोरगा.

"दादा, अगोदर प्रगतिपुस्तक मागा," मी म्हणाले. "शेवटच्या पानावरची अट वाचायला लावा. पोरगं पास असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "ताई, सेकंड शिफ्ट आहे. सर म्हणालेत पास करतो."

"तेच तर..."

शिपायाने नाव पुकारलं. तो उठला. केबिनच्या दारात त्याने बूट काढले. मी हाक मारली, तो आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा हातात अर्ज नव्हता.

जिन्यात कोमल रडली. "आता सगळे सर माझ्यावर खुन्नस काढतील."

"काढतील," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "दुसऱ्या शाळेत जायचं का?"

तिने नाक पुसलं. "मी पास आहे ना? मग मी का जाऊ?"

नवरा म्हणतो, तूही आता सतरा नंबर भर, होऊन जाईल. मी बाहेरून का भरू? मी आत होते. मला आतून काढलंय.

कोमल त्याच शाळेतून दहावीला बसेल. त्या वीस गुणांचा हिशेब मी प्रत्येक चाचणीनंतर मागायला जाणार, आणि खुर्ची असेल तिथे बसणार. पास झाली तर त्यांच्या फलकावर पास होईल. नापास झाली तर त्यांच्याच फलकावर नापास होईल, आणि तो फलक त्यांनी उतरवून नव्याने रंगवायचा.

आणि पुढच्या एप्रिलला वखार बंद राहिली तरी चालेल. मी सकाळपासून त्या बाकावर बसणार. येणाऱ्या प्रत्येक आईबापाचा हात धरणार. तो झटकला तर परत धरणार.

शंभर टक्के पाहिजेत ना तुम्हाला? आमची पोरं शिकवून मिळवा. आमची पोरं काढून नाही.