उलट्या जंग्या

निर्मळच्या वाडीत एका बागायतदाराचं जुनं घर होतं, किल्ल्यासारखं. दोन हात जाड भिंती, आणि त्यांत बंदूक रोखायला ठेवलेली भोकं, म्हणजे जंग्या. ते पाडून तिथे रिसॉर्ट आलं. फाटकाची भिंत मात्र रिसॉर्टच्या मालकाला हुबेहूब जुनी हवी होती. आराखडा मी काढला.

गवंडी गावातलाच. जुनं घर पाडणाऱ्यांतही तो होता. ओळंबा सोडताना एक डोळा मिटून घ्यायचा आणि कागदाकडे सहसा बघायचा नाही. त्या दिवशी बघितलं.

"सायेब, हे उलटं काढलंय. जंगी बाहेरून बारीक नि आतून रुंद असते. आतल्याला सगळं दिसतं, बाहेरची गोळी आत येत नाय."

"बाहेरून रुंद असली की फोटोत छान दिसते," मी म्हणालो.

तो फाटकाबाहेर उभ्या, शहरातून आलेल्या गाड्यांकडे बघत राहिला.

"मग बराबर हाय. आता बाहेरचाच आतल्याला मारनार."

आणि त्याने एक सूतही न चुकता सगळ्या जंग्या उलट्या बांधल्या.

उद्घाटनाला त्याला कुणी बोलावलं नाही. माझा फोटो आहे, त्याच भिंतीपुढे. छान हसतोय मी.