खिळ्यावरचे कप

कॉलेजनं आमाले दहा दिवसासाठी लहान लहान धंद्यायमंदी पाठवलं, पर्यावरनाचं काम शिकाले. कोनाले नर्सरी भेटली, कोनाले तेलाची घानी, अन् मले? उटनूरच्या बसस्टँडजवळचं चहाचं हॉटेल! दहा दिवस चहा फुकट! मी तं नाचलीच.

हॉटेल एका मावशीचं. पहिल्याच दिवशी मागच्या बाजूले गेली तं कागदी कपाचा हा एवढा ढीग, अन् त्यात दोन बकऱ्या तोंड घालून उभ्या. मी लगेच म्हनलं, "मावशी, हे कागदी कप बंद करू!"

"कर न बाई. पन एक जरी गिऱ्हाईक तुटलं तं दुसऱ्या दिवशी कागदी कप वापस. अन् तुह्या कॉलेजच्या कागदावर माही सही नाई."

ठरलं! माही आयडिया अशी, का रोज येनाऱ्यानं घरून आपला कप आनाचा. मी भिंतीवर फळी ठोकली, खिळे मारले, खिळ्याखाली नावं लिवली, कोनाचं मराठीत, कोनाचं तेलुगूत. तीन दिवसात भिंत भरली! तहसीलच्या बाबूचा फुलाफुलाचा कप, कंडक्टरचा कान तुटलेला, अन् ऑटोवाल्याचा एवढा मोठा का मावशी म्हने, "हा कप हाय का बादली? अर्धाच भरीन मी." तो दुरूनच तेलुगूत ओरडत ये, "ना कप्पु एदी?" म्हंजे माहा कप कुठी, अन् आपला कप भेटला का असा बसे, जसं हॉटेल त्याच्याच बापाचं. मी फोटो काढून काढून मैत्रिनीयचं डोकं खाल्लं.

पाचव्या दिवशी एक काका आले. पोस्टातून रिटायर झालेले, रोजचं गिऱ्हाईक, मुधोळले पोरीकडं गेले होते म्हनून मी त्यायले पाह्यलंच नोहतं, मावशीकडून नाव तेवढं ऐकलं होतं. मी धावतच गेली. "काका, तुमचा कप आना! तुमच्यासाठी वेगळा खिळा ठेवला मी!"

काका भिंतीकडं पाहतच राह्यले.

"आमच्यासाठी वेगळा?" म्हनले. "राहू दे बाई."

अन् चहा न घेताच गेले. मले काईच समजलं नाई. मावशीनं गॅस बारीक केला.

"त्यायच्या लहानपनी गावच्या हॉटेलात त्यायच्या लोकायचे कप वेगळे राहेत. बाहेर, खिळ्याले टांगून. चहा प्याचा, आपला कप आपनच धुवाचा, अन् परत टांगाचा."

माहे कान गरम झाले. "मंग तुमी काऊन नाई सांगतलं?"

"मले बी आत्ताच दिसलं न. पाच दिवसापासून मी बी हासूनच राह्यली होती."

त्याच दुपारी आमी दोघीनं खिळे उपटले. कप सगळे एका परातीत, उकळत्या पान्यातून काढलेले, ज्याच्या हाताले जो लागला तो त्याचा. कंडक्टर भडकला. "माहा कप?"

"सगळ्यायचा झाला," मावशी म्हने. "प्या नाई तं बस सुटते."

संध्याकाळी मी काकाच्या घरी गेली. "काका, चुकलं माहं. खिळे काढले आमी."

"तुले माहीत नोहतं, हे मले समजलं," काका म्हनले. "पन मले तिथं बसवलं नाई."

येतो बी म्हनले नाई, नाई येत बी म्हनले नाई.

सहावा दिवस गेला. सातवा गेला. कागदी कपाचं पुडकं मावशीनं टेबलावर काढून ठेवलं, मले दिसन असं. आठव्या दिवशी मी परात पुसत होती अन् काका आले! आपल्या नेहमीच्या बाकावर बसले. परातीतून हाताले लागला तो कप घेतला, तो निघाला बाबूचा फुलाफुलाचा. बाबू बाजूलेच बसले होते, ते सरकले अन् काकाले पेपर देल्ला.

काकानं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

"वीस वर्षापासून हेच म्हनून राह्यले!" मावशी ओरडली, अन् कागदी कपाचं पुडकं तिनं गॅसच्या शेगडीमागं फेकून देल्लं.