कागदावरचं बटण

“अहो बाई, तो कागद आहे, कागद! सॉफ्टवेअर इकडे, कम्प्युटरवर आहे!” मी असा ओरडलो की बिबवेवाडीच्या त्या हॉस्पिटलातले दोन पेशंट आपोआप बरे होऊन घरी गेले. पेन्सिल तासल्याचा वास आला की ती सकाळ हमखास आठवते. केसपेपर काढायचा स्क्रीन मी सहा महिने खपून बनवला होता. त्यावर बटणं इतकी की विमानही उडवता आलं असतं. आणि आमच्या कंपनीत नुकतीच आलेली डिझायनर, जिला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नव्हती, ती काउंटरवरच्या बाईंशेजारी आठवडाभर बसून, त्यांच्याच डब्यातली पोळीभाजी खाऊन, कागदावर पेन्सिलीनं बटणांचे चार चौकोन काढून आली होती. आमचे साहेब म्हणाले, दोन्ही बाईंपुढे ठेवा, त्यांना जे जमेल तेच बसवायचं. बाईंनी माझा माउस दोनदा हलवून सोडला आणि कागदावरच्या चौकोनांवर भराभर बोट ठेवत सुटल्या. साहेब त्या डिझायनरकडे बघून असे हसले, की माझ्या पोटातल्या आगीवर अख्ख्या नारायण पेठेचा स्वयंपाक झाला असता. तो कागद मला आजही फाडावासा वाटतो. मी ओरडून दमल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “कागद आहे, दिसतंय मला. पण हा कळतोय.”